चिनी माध्यमिक विद्यार्थ्यांचा इंग्रजी सराव : शब्द, व्याकरण आणि वाचन एका धाग्यात कसे ओवावे

चीनमध्ये सातवी, आठवी आणि नववी या तीन इयत्तांना मिळून छूचोंग म्हणतात. सक्तीच्या नऊ वर्षांच्या शिक्षणाचा हा शेवटचा टप्पा असून नववीच्या अखेरीस, बहुतेक ठिकाणी जून महिन्यात, चोंगखाओ ही परीक्षा होते. पुढे कोणत्या उच्च माध्यमिक शाळेत प्रवेश मिळणार हे तिच्या गुणांवर ठरते आणि चिनी भाषा व गणित यांच्याबरोबरीने इंग्रजीला तिच्यात मोठे वजन असते. चच्यांग प्रांतातल्या आमच्या इमारतीतली मुले गेली काही वर्षे इंग्रजीच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येत असतात. ती मला ‘आयी’ अशी हाक मारतात. चिनी भाषेत त्याचा अर्थ मावशी, पण मराठी कानाला तो शब्द त्याहून जवळचा वाटतो. ज्यांना चिनी मुलांच्या अभ्यासाला हातभार लावावा लागतो, किंवा ज्यांची स्वतःची मुले इथल्या शाळेत शिकतात, अशा मराठी वाचकांसाठी या मुलांबरोबर बसून जे उमगले ते इथे क्रमाने मांडत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ही मुले कष्टात कुठेही कमी पडत नाहीत. सकाळच्या तासाआधी मोठ्याने वाचन, रोजचे शब्दलेखन, धडा तोंडपाठ म्हणणे हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. तरीही शब्द पाठ असलेल्या आणि नियम घडाघडा सांगणाऱ्या मुलाने लिहिलेल्या पाच वाक्यांपैकी तीन चुकतात. याचे कारण असे की त्याची शब्दांची वही, व्याकरणाची वही आणि वाचनाची प्रश्नपत्रिका या तीन वेगळ्या जागा आहेत, आणि त्याने लिहिलेल्या प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली एक चिनी वाक्य दडलेले असते, ज्याकडे कोणी पाहत नाही. खालची सर्व पद्धत हे दडलेले वाक्य वर काढण्यासाठी आहे.

आधी ओझे मोजून घ्यावे

शिक्षण मंत्रालयाच्या २०२२ च्या अभ्यासक्रम मानकांनुसार नववी संपेपर्यंत साधारण १६०० शब्द येणे अपेक्षित आहे. त्यांपैकी काही शे शब्द मूल प्राथमिक शाळेतून घेऊन येते, कारण चीनमध्ये इंग्रजी बहुतेक ठिकाणी तिसरीपासून सुरू होते. उरलेले हजार-अकराशे शब्द तीन वर्षांच्या सुमारे १२० शालेय आठवड्यांवर वाटले तर आठवड्याला नऊच शब्द वाट्याला येतात. पाठ्यपुस्तकात याहून बरेच शब्द भेटतात हे खरे, पण ज्यांच्यावर पूर्ण हुकूमत हवी ते एवढेच आहेत. हा हिशेब मी प्रत्येक मुलासमोर कागदावर करून दाखवते, कारण रोज पन्नास शब्द पाठ करण्याची भीती एकदा गेली की नऊ शब्द खोलवर शिकायला त्याचे मन तयार होते.

वाचनाचाही असाच हिशेब करता येतो. या तीन वर्षांत वर्गाबाहेरचे वाचन एकूण दीड लाख शब्दांपर्यंत जावे अशी अपेक्षा आहे. तीन वर्षांच्या दिवसांनी भागले तर रोजचे १४० शब्दही होत नाहीत, म्हणजे अर्ध्या पानाचा मजकूर. जुलै २०२१ मध्ये आलेल्या ‘दुहेरी कपाती’च्या धोरणाने छूचोंगच्या मुलांचा लेखी गृहपाठ दिवसाला सरासरी ९० मिनिटांपेक्षा जास्त नसावा असे ठरवले आणि शनिवार-रविवारचे व सुट्टीतले शालेय विषयांचे खासगी क्लासही बंद केले. त्यामुळे घरच्या सरावावर अधिक भिस्त आली आहे, पण त्याला वेळ मात्र मोजकाच आहे. इंग्रजीसाठी रोज अर्धा तास धरून चालावे.

परीक्षेचे स्वरूप सगळीकडे सारखे नसते, तेही सुरुवातीलाच पाहून घ्यावे. बीजिंगमध्ये इंग्रजीच्या १०० गुणांपैकी ४० गुण संगणकावर घेतल्या जाणाऱ्या ऐकण्या-बोलण्याच्या परीक्षेला आहेत. शांघायमध्ये एकूण गुणच १५० आहेत. शेजारच्या प्रांतातली जुनी प्रश्नपत्रिका आणून मुलाला राबवण्यात अर्थ नाही.

शब्द : आवाज आधी, अक्षरे नंतर

शेजारच्या एका सातवीतल्या मुलीच्या पुस्तकात ‘गुड मॉर्निंग’ खाली बारीक अक्षरात चार चिनी अक्षरे लिहिलेली मी पाहिली. त्यांचा उच्चार होतो ‘कू त माओ निंग’ आणि अर्थ होतो प्राचीन, सद्गुण, केस, शांत. नवा शब्द चिनी अक्षरांत असा पकडून ठेवायची सवय इथे फार जुनी आहे. ‘आय लव्ह यू’ साठी ‘आय लाओहू यौ’, म्हणजे ‘प्रेम, वाघ, तेल’, ही गंमत तर सगळ्यांनाच ठाऊक असते. गंमत म्हणून ती ठीक आहे, पण अभ्यासाची पद्धत म्हणून नुकसान करते. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, शब्दावयवाच्या शेवटी स्वर, न किंवा ङ असे मोजकेच ध्वनी येतात. त्यामुळे चिनी अक्षरांत लिहिलेल्या इंग्रजी शब्दाची शेपटी गळते किंवा तिला नको तो स्वर चिकटतो. ‘वॉक्ट’चा ‘वॉक’ होतो आणि ‘बुक्स’चा ‘बुक’. जो आवाज तोंडातून निघतच नाही तो हातातून कागदावर कसा उतरणार? भूतकाळाच्या आणि अनेकवचनाच्या निम्म्या चुकांचे मूळ मला व्याकरणात नव्हे, तर उच्चारात सापडले आहे.

म्हणून पहिली पायरी अशी. नवा शब्द आधी तीनदा ऐकावा, मग शेवटचे व्यंजन स्पष्ट वाजेल असा म्हणावा, मग त्याचे ध्वनीनुसार तुकडे पाडावेत आणि त्यानंतरच तो लिहावा. चिनी पाठ्यपुस्तकांत शब्दासमोर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी दिलेली असते. ती वाचायला महिनाभरात येते आणि तो महिना मुळीच वाया जात नाही. पहिलीपासून शिकलेली पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत, तीही इथे आडवी येते, कारण तिच्यात रोमन ‘सी’चा उच्चार ‘त्स’ होतो आणि ‘क्यू’चा ‘छ’च्या जवळ जातो. ही अक्षरे इंग्रजीत वेगळा आवाज देतात हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे लागते.

दुसरी पायरी शब्दांची मांडणी. चिनी शब्द बहुधा जोडून बनतात: विमान म्हणजे ‘उडते यंत्र’, संगणक म्हणजे ‘विजेचा मेंदू’. गोमांस, डुकराचे मांस, बकऱ्याचे मांस हे सरळ प्राण्याच्या नावाला ‘मांस’ जोडून होतात, तर इंग्रजीत बीफ, पोर्क, मटन असे तीन परके शब्द येतात. महिने आणि रविवार सोडून बाकीचे वार तर आकड्यांनीच ओळखले जातात. जानेवारी म्हणजे ‘पहिला महिना’ आणि बुधवार म्हणजे ‘आठवडा तीन’. अशा मुलाला ‘वेन्झडे’ आणि ‘फेब्रुवारी’ यांचे स्पेलिंग का जड जाते हे यावरून कळावे. असे शब्द निव्वळ घोकावेच लागतात आणि त्यांची वेगळी यादी ठेवावी. पण जिथे इंग्रजीही जोडकाम करते, तिथे मुलाची ही जन्मजात सवय कामी येते. ‘हॅपी’ हा शब्द आला की त्याच पानावर ‘अनहॅपी’, ‘हॅपिली’, ‘हॅपिनेस’ ही भावंडे लिहावीत, कारण परीक्षेत रिकाम्या जागी शब्दाचे योग्य रूप भरण्याचा प्रश्न नेमका याच घराण्यांवर येतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. शब्दासमोर एक चिनी अर्थ लिहून वही मिटण्याऐवजी त्याचा जोडीदार लिहावा. चिनीत ‘खान’ या एकाच क्रियापदाने पुस्तक वाचणे, टीव्ही पाहणे आणि फळ्याकडे बघणे ही सगळी कामे होतात. ‘च्ये’ म्हणजे उसने घेणेही आणि उसने देणेही. ‘खान’समोर रीड, वॉच, लुक, सी अशी यादी लिहिल्याने काही साधत नाही, ‘रीड अ बुक’, ‘वॉच टीव्ही’, ‘लुक ॲट द ब्लॅकबोर्ड’, ‘सी अ फिल्म’ असे पुरे तुकडे लिहावेत आणि तेच पाठ करावेत. ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ हाही परीक्षकांचा लाडका सापळा आहे. ‘बुक’ म्हणजे पुस्तक हे पहिल्या वर्षी शिकलेल्या मुलाला ‘बुक अ टिकिट’ अडवते आणि ‘वॉटर द फ्लॉवर्स’मधले पाणी क्रियापद झाले आहे हे लक्षात येत नाही.

उजळणीसाठी जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये मांडलेला विसरण्याचा आलेख, म्हणजे पाठ केलेले किती झपाट्याने विसरते हे दाखवणारी रेघ, चीनमध्ये मुलांनाही नावानिशी माहीत असतो. तो कृतीत आणायचा तर आज शिकलेले शब्द उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा लिहायला सांगावेत. प्रत्येक वेळी मात्र सुटे शब्द न सांगता त्यांचे तुकडे सांगावेत.

व्याकरण : इंग्रजी वाक्याखालचे चिनी वाक्य

शाळेत व्याकरणाची सूत्रे फार चपखल करून दिलेली असतात. तृतीयपुरुषी एकवचनाला नुसते ‘सानतान’ म्हणतात. ‘इफ’च्या वाक्यासाठी ‘चू च्यांग त्सोंग श्येन’, म्हणजे ‘मुख्य भविष्यात, गौण वर्तमानात’, असे चार अक्षरांचे सूत्र आहे. ही सूत्रे उपयोगी आहेत, मुलाला ती टाकायला सांगू नयेत. पण सूत्र आठवण्याआधी वाक्य लिहून झालेले असते आणि ते चिनीच्या साच्यातून आलेले असते. म्हणून मी मुलांना चुकलेल्या वाक्याखाली ‘तुझ्या मनात काय होते ते चिनीत लिही’ असे सांगते. बहुतेक वेळा चूक तिथेच उघडी पडते.

चिनी क्रियापद कोणासाठीच बदलत नाही. मी, तू, ती, काल, आज, उद्या, सगळ्यांना एकच रूप. जातो, जाते, जातात अशा रूपांत वाढलेल्या मराठी माणसाला ‘शी गो टू स्कूल’ ही चूक निष्काळजीपणाची वाटते. तसे ते नाही. मुलाच्या भाषेत ती जागाच अस्तित्वात नाही, म्हणून तिथे पाहायचे असते हेच त्याला सुचत नाही. यावर एकच इलाज मला लागू पडलेला दिसला आहे. मुलाने स्वतःच्या दिवसाबद्दल ‘आय’ने सुरू होणारी सहा वाक्ये लिहावीत. दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये ‘माय मदर’ने, तिसऱ्या दिवशी ‘यस्टरडे’ने आणि चौथ्या दिवशी ‘टुमॉरो’ने सुरू करून लिहावीत आणि प्रत्येक वेळी क्रियापदाच्या शेपटीवर जोर देत मोठ्याने वाचावीत. मजकूर तोच असल्याने लक्ष फक्त बदलणाऱ्या जागेवर राहते.

‘था’ हा एकच उच्चार ‘तो’ आणि ‘ती’ दोघांसाठी असल्याने बोलताना आईलाही ‘ही’ म्हटले जाते. लिहिताना ही चूक कमी होते, कारण चिनीत लिहिण्याची अक्षरे वेगळी आहेत. तिथे फार वेळ घालवू नये.

काही ठिकाणी मराठी आपल्या मदतीला धावून येते. चिनीत ‘स्वेइरान’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘तानश’ यावेच लागते, अगदी आपल्या ‘जरी… तरी’ सारखे. म्हणून मुले ‘ऑल्दो’बरोबर ‘बट’ आणि ‘बिकॉज’बरोबर ‘सो’ लिहितात. इंग्रजीला त्या जोडीतला एकच शब्द चालतो, एवढे सांगून पुरते. ‘यौ’ हे क्रियापद जवळ असणे आणि एखाद्या ठिकाणी असणे या दोन्हींसाठी वापरतात. आपणही ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ असे दोन्हीकडे ‘आहे’ म्हणतोच. फरक एवढाच की चिनी मूल ‘यौ’चे भाषांतर ‘हॅव’ असे शिकलेले असते, म्हणून ‘देअर हॅव अ बुक ऑन द टेबल’ असे लिहून जाते.

विशेषणांची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. चिनीत ‘ती फार उंच’ एवढ्यावर वाक्य पुरे होते, ‘आहे’ लागत नाही. त्यामुळे सातवीत ‘शी व्हेरी टॉल’ येते. शिक्षक ‘इज’ घालायला शिकवतात, आणि आठवीत तेच मूल ‘आय ॲम लाइक म्युझिक’ लिहू लागते. ही दुसरी चूक पाहून घाबरू नये. पहिली दुरुस्ती जास्तच मनावर घेतल्याची ती खूण आहे. अशा वेळी वाक्यातला मुख्य शब्द क्रिया आहे की गुण, एवढाच प्रश्न विचारून दोन रकाने करायला लावावे.

आठवी-नववीचा खरा कस पूर्ण वर्तमानकाळात लागतो. ‘ही हॅज बीन टू बीजिंग’ आणि ‘ही हॅज गॉन टू बीजिंग’ यांतला फरक मराठीत ‘तो बीजिंगला जाऊन आलाय’ आणि ‘तो बीजिंगला गेलाय’ इतका सोपा आहे. चिनीतही तो आहे: पहिल्यासाठी ‘क्वो’ आणि दुसऱ्यासाठी ‘ल’. मुलाला हे त्याच्याच भाषेतून दाखवले की नियम पाठ करण्याची गरज राहत नाही. अडचण अशी की ‘ल’ दिसला की भूतकाळ, अशी खूणगाठ त्याने आधी बांधलेली असते. ‘ल’ हे काम पुरे झाल्याचे किंवा परिस्थिती बदलल्याचे चिन्ह आहे, ते काळाचे चिन्ह नव्हे, हे समजवायला एक संध्याकाळ खर्ची घालावी. त्याच्याच पोटात ‘किती वेळ’ हा उपविषय येतो. तीन दिवसांपूर्वी उसने घेतलेल्या पुस्तकाबद्दल ‘आय हॅव बॉरोड इट फॉर थ्री डेज’ चालत नाही, कारण उसने घेणे क्षणात संपते. ‘आय हॅव केप्ट इट फॉर थ्री डेज’ असे म्हणावे लागते. ‘बाय’चे ‘हॅव’ आणि ‘डाय’चे ‘बी डेड’ होते तेही याच कारणाने.

‘इफ’च्या सापळ्याकडे तर खास लक्ष द्यावे. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम, बट इफ ही कम्स, आय विल टेल यू’ या वाक्यात एकच शब्द दोनदा आला आहे आणि दोन्हीकडे नियम वेगळा आहे. आपण ‘येईल की नाही’ आणि ‘आला तर’ असे म्हणतो. चिनीतही ‘शफौ’ आणि ‘रूक्वो’ असे दोन निराळे शब्द आहेत. मुलाने प्रत्येक ‘इफ’खाली यांपैकी कोणता शब्द बसतो ते पेन्सिलीने लिहावे, आणि मगच क्रियापदाला हात लावावा.

वाचन : क्रियापद शोधा, मग कर्ता

सरावाचे उतारे निवडताना शंभर शब्दांत दोन-तीनपेक्षा अधिक शब्द अनोळखी नसावेत. त्याहून कठीण मजकूर वाचण्याऐवजी कोशात शोधण्यातच वेळ जातो. पाठ्यपुस्तकापलीकडचे साहित्य मिळणे इथे अवघड नाही. चायना डेली समूह शाळकरी मुलांसाठी इयत्तावार इंग्रजी साप्ताहिके काढतो.

वाचनाचे दोन प्रकार अलग ठेवावेत. रोजचे अर्धे पान केवळ वाचावे: प्रश्न नाहीत, घड्याळ नाही, शेवटी दोन वाक्यांत गोष्ट सांगायची. आठवड्यातून दोनदा मात्र एकच उतारा घेऊन तो वाक्यावाक्याने उकलावा. त्याचे एक उदाहरण देते. एका मुलाला मी हे वाक्य दिले होते: ‘द ओल्ड मॅन हू सोल्ड नूडल्स निअर अवर स्कूल गेव्ह मी अ बाउल.’ त्याने चिनीत सांगितले की एका म्हाताऱ्याने नूडल्स विकल्या आणि आमच्या शाळेने मला एक वाटी दिली. त्याला एकूण एक शब्द येत होता. ‘स्कूल’ला लागून ‘गेव्ह’ आले, म्हणून त्याने शाळेलाच कर्ता केले. चिनीत वर्णन नेहमी नामाच्या आधी येते, आपल्या ‘नूडल्स विकणारा म्हातारा’ सारखे. इंग्रजीत ते नामाच्या मागे लोंबते आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये अंतर पाडते.

म्हणून उकलण्याची रीत ठरवून घ्यावी. आधी वाक्यातल्या सर्व क्रियापदांखाली रेघ ओढावी. ‘हू’, ‘दॅट’, ‘विच’, ‘व्हेन’ अशा शब्दापासून त्याचा तुकडा संपेपर्यंत कंस घालावा. कंसाबाहेर जे क्रियापद उरते ते मुख्य, आणि ‘कोणी?’ असा प्रश्न विचारून त्याचा कर्ता शोधावा. शेवटी कंसातला मजकूर आपल्या भाषेच्या रीतीने नामापुढे आणून वाक्य चिनीत म्हणावे. वरच्या वाक्यावर त्या मुलाने हे केले आणि वाटी कोणी दिली ते त्याला लगेच कळले. महिनाभराने पेन्सिलीची गरज उरत नाही.

गाळलेल्या शब्दांचा उतारा, ज्याला इथे ‘वानशिंग थ्येनखोंग’ म्हणतात, तो सोडवताना मुले पहिल्याच रिकाम्या जागेपाशी थांबून चार पर्याय तोलत बसतात. आधी हाताने पर्याय झाकून सगळा उतारा वाचावा आणि गोष्ट आनंदाची आहे की दुःखाची, शेवटी काय झाले, हे सांगावे. मग पर्याय न पाहता प्रत्येक जागी स्वतःचा शब्द सुचवावा. पर्याय उघडल्यावर सुचलेल्या शब्दाच्या जवळचा शब्द बहुतेक वेळा समोर असतो. उत्तर पुष्कळदा दोन ओळी पुढे दडलेले असते, म्हणून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय काहीही भरू नये.

तिन्ही वह्यांची एक वही

चुकांची वही, म्हणजे ‘त्स्वोथीपन’, इथल्या प्रत्येक मुलाकडे असते. पण तिच्यात चुकलेला प्रश्न आणि बरोबर पर्याय एवढेच उतरवलेले असते, म्हणून ती वही पुढे कोणी उघडत नाही. मी पानाचे चार भाग करायला सांगते: चुकलेले वाक्य, त्यामागचे चिनी वाक्य, दुरुस्त वाक्य आणि त्याच साच्यातले स्वतःचे नवे वाक्य. शब्दाची चूक, व्याकरणाची चूक आणि वाचनातली चूक हे सगळे याच वहीत, तारखेनिशी लिहावे.

आठवड्याची आखणी फार बारीक नसावी. रोजच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटे शब्दांच्या तुकड्यांना, दहा त्या सहा वाक्यांच्या रूपांतराला आणि दहा वाचनाला द्यावीत. ज्या दोन दिवशी उतारा उकलायचा, त्या दिवशी बाकीचे बाजूला ठेवावे. रविवारी नवीन काहीही घेऊ नये. मुलाने वही उघडून आठवड्यातल्या चुकांची फक्त चिनी वाक्ये वाचावीत आणि इंग्रजी वाक्ये न पाहता पुन्हा लिहावीत. सलग तीन रविवारी जे वाक्य बरोबर येईल त्यावर आडवी रेघ मारावी. नववीच्या दुसऱ्या सत्रात, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे घरी येऊ लागतील तेव्हा, नवी प्रश्नपत्रिका हाती घेण्याआधी या वहीत रेघ न पडलेली वाक्ये किती उरली आहेत ते मोजावे आणि त्या दिवशीचा सराव त्यांच्यापासून सुरू करावा.